भाड्याचं मशीन, घरची राखण

नातेवाईकांच्या जगात 'कॉम्प्युटरवाला' हा एकच धंदा असतो. तुम्ही जावा लिहा, टेस्टिंग करा, नाहीतर दिवसभर मीटिंगमध्ये बसून मान डोलवा. कुणाचा प्रिंटर कागद ओढत नसेल किंवा कुणाच्या मोबाईलमधले फोटो उडाले असतील, तर फोन तुम्हालाच येणार. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत प्रिंटर या विषयावर एकही पेपर नव्हता, हे सांगून सांगून मी थकलो. त्यामुळे मावशीचा फोन आला तेव्हा मनाची तयारी करूनच उचलला. पण या वेळचं दुखणं प्रिंटरचं नव्हतं.

आमची ही मावशी वधू-वर सूचक मंडळ चालवते. तीसेक वर्षं झाली. आधी कुर्ल्याला तळमजल्यावरच्या एका खोलीत, आता डोंबिवलीला राहत्या घराच्या पुढच्या खोलीत. सुरुवातीला कार्डं होती, मग वह्या, मग एक्सेल आणि २०१२ पासून वेबसाइट. साइट ओळखीतल्या एका मुलाने पीएचपीमध्ये बांधून दिली. तो मुलगा पुढे कॅनडाला गेला (त्याचं लग्न मावशीनेच जमवलेलं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही) आणि साइट एका स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर आपली चालत राहिली.

"अरे, साइट चालते, पण पत्रं पोचत नाहीत," मावशी म्हणाली.

पत्रं म्हणजे ईमेल. नवीन स्थळ नोंदलं गेलं की जुळणाऱ्या घरांना साइटवरून आपोआप मेल जाते. त्या मेल लोकांच्या स्पॅममध्ये पडत होत्या. एका मुलीच्या आईने फोन करून विचारलं होतं, "दोन महिन्यांत तुम्ही आमच्या मुलीला एकही स्थळ सुचवलं नाहीत. काही द्यायचं राहिलंय का?" मावशीला ते 'काही द्यायचं राहिलंय का' फार लागलं. तीस वर्षांत नोंदणी फीच्या वर तिने कुणाकडून रुपया घेतलेला नाही.

निदान सोपं होतं. शेअर्ड होस्टिंग म्हणजे चाळ. एका मशीनवर शेकडो साइट्स, सगळ्यांना मिळून एकच नळ आणि पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, तोही बहुतेक वेळा एकच. या चाळीतला कुणी बिऱ्हाडकरू रात्रंदिवस स्पॅम पाठवत होता. त्याच्यापायी सगळ्या चाळीचा पत्ता काळ्या यादीत गेला आणि 'स्थळ सुचवीत आहोत, कळावे' छापाच्या मावशीच्या सभ्य मेलही त्यातच भरडल्या गेल्या. होस्टिंग कंपनीने आयपी बदलून दिला. तीन आठवड्यांनी तोही यादीत.

दुसरी तक्रार वेगाची. रविवारी संध्याकाळी पेपरातल्या जाहिराती वाचून झाल्या की सगळी मुंबई एकदम साइटवर येते आणि वय, उंची, शिक्षण, गोत्र, नाडी असं सगळं एकाच वेळी शोधते. एका शोधाला अकरा सेकंद लागत होते. इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, तुमचे पैसे वाचतील. हळू चालणाऱ्या साइटवर मोठं मशीन हा पहिला उपाय नसतो. मी आधी डेटाबेसमध्ये दोन इंडेक्स टाकले, अकरा सेकंदांचे अर्ध्या सेकंदावर आले. फुकट. हे न करता मशीन घेतलं असतं, तर तोच गाढवपणा जास्त भाड्याने चालू राहिला असता.

मग डेडिकेटेड सर्व्हर कशाला? खरं सांगायचं तर नुसत्या मावशीच्या मंडळापुरतं व्हीपीएसवर भागलं असतं. व्हीपीएस म्हणजे सोसायटीतला फ्लॅट, दार स्वतंत्र पण भिंती सामायिक. क्लाउड म्हणजे लॉज. राहायला झकास, पण टॉवेलपासून सगळ्याचा हिशेब वेगळा आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीचं बिल वेगळं. मावशीच्या जोडीला नाशिक आणि पुण्याच्या तिच्या दोन मैत्रिणींची मंडळंही यायला तयार झाली. तिघींचे मिळून फोटो आणि पत्रिकांचे स्कॅन सहाशे जीबीच्या घरात. तिघींचा आग्रह एकच, दर महिन्याचा आकडा ठरलेला हवा. तो दोन हजारांनी जास्त असला तरी चालेल, पण तुळशीच्या लग्नानंतर अचानक तिप्पट व्हायला नको. त्यात अशा माहितीसाठी आख्खं मशीन आपल्या ताब्यात असणं मलाही बरं वाटत होतं. मुलींचे फोटो, फोन नंबर, पत्ते, पगार, आणि काही नोंदींत 'आधीचं लग्न का मोडलं' याची कारणंसुद्धा. ही माहिती फुटली तर साइट दुरुस्त करता येईल, पण त्या घरांचं काय?

तर मंडळी, मशीन बघायला लागलो. हा प्रकार हुबेहूब स्थळं बघण्यासारखा निघाला. बायोडेटात सगळेच निर्व्यसनी. '९९.९ टक्के अपटाइम' हे वाक्य प्रत्येकाकडे असतं. गणित करून बघा. वर्षाचे तास ८७६०, त्याचा हजारावा भाग म्हणजे पावणेनऊ तास. एवढा वेळ साइट बंद राहिली तरी त्यांनी शब्द पाळला! आणि त्याहून जास्त बंद राहिली तर बहुतेक करारांत भाड्याचा काही भाग परत मिळतो, इतकंच. तुमचं जे नुकसान झालं त्याचा त्यात उल्लेख नसतो.

'फुल्ली मॅनेज्ड' हा दुसरा शब्द. मी एका सेल्सवाल्याला विचारलं, मॅनेज्ड म्हणजे तुम्ही नेमकं काय करणार? हार्डवेअर बिघडलं तर बदलू, ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट टाकू. डेटाबेस? तो तुमचा. बॅकअप? वेगळा घ्यावा लागेल. घेतला तर तो परत बसतो की नाही हे कोण बघणार? "सर, ते कस्टमर साइडला येतं." मुलगा प्रामाणिक होता. मी त्याचे आभार मानून अनमॅनेज्ड घेतला, कारण उरलेलं काम नाहीतरी माझ्याच गळ्यात होतं.

जागेचाही प्रश्न होता. जर्मनीतली हेट्झनर ही कंपनी जुने सर्व्हर उलट्या लिलावाने भाड्याने देते. कुणी घेईपर्यंत किंमत उतरत जाते. भाव बघून मोह होतो. पण काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, आणि मुंबई ते जर्मनी सरळ रेषेत सहा-साडेसहा हजार किलोमीटर. जाऊन येऊन ६५ मिलिसेकंद तर भौतिकशास्त्रच खातं. समुद्राखालच्या केबल सरळ जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात दुप्पट धरा. एका पानासाठी अशा दहा फेऱ्या झाल्या की रविवार संध्याकाळची मंडळी वैतागणार. आमचे सगळे ग्राहक मुंबई-पुणे-नाशिकचे, म्हणून मशीन नवी मुंबईत घेतलं. ३२ जीबी ईसीसी मेमरी (एखादा बिट चुकून उलटला तर स्वतःच दुरुस्त करते, पत्रिकेतली रास बदलायला नको) आणि ९६० जीबीच्या दोन एसएसडी, रेड-१ मध्ये. म्हणजे एकीवर लिहिलेलं तेच दुसरीवर.

मशीन ताब्यात आल्यावर मी दोन गोष्टी पाहिल्या. तुम्हीही पाहाच. पहिली, डिस्क किती तास चालल्यात. हा आकडा डिस्क स्वतः सांगते. दोन्हींचे तीस हजारांच्या वर निघाले, म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षं. मी दोन्ही बदलून मागितल्या. एक मिळाली, दुसरीबद्दल 'हेल्थ ओके आहे' असं उत्तर आलं. दुसरी गोष्ट, मिळालेल्या आयपीचा पूर्वेतिहास. भाड्याच्या घरासारखंच, आधीचा भाडेकरू काय करत होता कोण जाणे. काळ्या याद्यांमध्ये तपासला, स्वच्छ निघाला. मग एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क आणि रिव्हर्स डीएनएस हे सगळे सोपस्कार केले. मेलवर पाठवणाऱ्याचा खरा पत्ता आणि सही असावी यासाठीची ही व्यवस्था. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं केलंय. आमच्या मेल त्या प्रमाणात बसत नाहीत, तरी केलं. पहिले काही दिवस मेलही थोड्या थोड्याच सोडल्या. नवा माणूस आल्या आल्या मोठ्याने बोलायला लागला तर शेजारी संशयाने बघतात.

हे सगळं एका कागदावर लिहून मी मावशीला दाखवायला घेऊन गेलो. मनात म्हटलं, तिला यातलं काय कळणार, एक सही घेऊन येऊ. मावशीने चष्मा लावला, कागद वाचला, उलटा ठेवला आणि चार प्रश्न विचारले. त्या दिवसापासून सर्व्हर निवडण्याची माझी यादी एवढीच आहे.

पहिला प्रश्न, "चावी कोणाकडे?"

मावशीकडे नोंदींचं एक गोदरेजचं कपाट आहे. त्याची एक चावी तिच्याकडे, दुसरी ताईकडे. ताई म्हणजे माझी मावसबहीण, बँकेत आहे. तिच्या बँकेतही स्ट्राँगरूमला दोन चाव्या असतात, दोन वेगळ्या माणसांकडे. सर्व्हरची चावी म्हणजे रूटचा ताबा. आमचं मशीन इंटरनेटला जोडून तासही झाला नव्हता तर लॉगमध्ये दार खडखडवणाऱ्यांची रांग लागली होती. रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, ओरॅकल, जे नाव सुचेल ते घेऊन पासवर्ड मारून बघत होते. आमच्याशी वैर नाही काही, हे प्रत्येकाच्याच दारात होतं. प्रोग्रॅम आहेत, दिवसरात्र फिरत असतात. म्हणून पासवर्डने आत येणं बंद केलं. फक्त एसएसएच की. एक माझ्याकडे, एक ताईच्या लॅपटॉपवर.

पण चावीचा खरा प्रश्न वेगळाच होता. मावशी म्हणाली, "कपाट त्यांच्या जागेत आहे ना? मग उद्या त्यांनी एखादा खण काढून नेला तर?" मी चाट पडलो. कारण हे होतंच. डिस्क खराब झाली की डेटा सेंटरचा माणूस ती काढतो, नवी बसवतो आणि जुनी घेऊन जातो. तिच्यावर अठरा हजार घरांची माहिती असते. म्हणून दोन्ही डिस्क पूर्णपणे एन्क्रिप्ट केल्या. मशीन चालू होताना डिस्क कुलूपबंद असते. कुणीतरी बाहेरून आत शिरून परवलीचं वाक्य टाकलं तरच पुढे सरकते. याची किंमत अशी की रात्री तीनला मशीन बंद पडून चालू झालं, तर ते वाक्य टाकायला एक माणूस जागा हवा. ती किंमत आम्ही समजून-उमजून कबूल केली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावरच टाकलेली आहे. मशीन भाड्याचं होतं, ही सबब नाही.

दुसरा प्रश्न, "दुसरी प्रत कुठे?"

मी म्हटलं, रेड आहे ना. मावशीने रेड म्हणजे काय ते विचारलं, मी समजावलं, आणि ती म्हणाली, "म्हणजे दोन्ही वह्या एकाच कपाटात."

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. मावशीच्या कुर्ल्याच्या खोलीत कंबरेच्या वर पाणी होतं. लाकडी खोक्यातली कार्डं भिजून त्यांचा लगदा झाला. मावशी आणि काकांनी पुढचे पंधरा दिवस उरलेली कार्डं दोरीवर वाळत घातली. निम्मी वाचली, निम्म्यांची शाई गेली. मग तिने लोकांना पोस्टकार्डं पाठवून माहिती पुन्हा मागवली. त्यानंतर तिने नियम केला, प्रत्येक नोंद कार्बन लावून दोनदा लिहायची आणि दुसरी वही बहिणीकडे, म्हणजे आमच्याकडे, नाशिकला पाठवायची. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. आमच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्यांचे गठ्ठे होते आणि त्यांना हात लावला तर धपाटा मिळायचा, एवढंच मला माहीत. पुढे नोकरीत 'ऑफसाइट बॅकअप' हा शब्द ट्रेनिंगमध्ये स्लाइडवर बघितला, तो आमच्या माळ्यावरच होता की!

रेड हा बॅकअप नव्हे हे प्रत्येक इंजिनिअर पाठ म्हणतो. डिस्क मेली तर रेड वाचवतो. चुकून काही पुसलं, कुणी घुसून डेटा कुलूपबंद केला, इमारतच गेली, तर दोन्ही डिस्क सारख्याच निष्ठेने तोंडघशी पडतात. इमारत जाते का? १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचच्या डेटा सेंटरला आग लागली. एसबीजी-२ ही पाच मजली इमारत जळून गेली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण 'रस्ट' या खेळाच्या युरोपातल्या २५ सर्व्हरवरचा डेटा कायमचा गेला. आणि ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते, त्यांचे बॅकअपही गेले. दोन्ही वह्या एकाच कपाटात.

त्यामुळे आमच्या तीन प्रती आहेत. एक मशीनवर. एक रोज रात्री एन्क्रिप्ट होऊन दक्षिणेतल्या एका शहरात दुसऱ्याच कंपनीकडे जाते, आणि तिथलं जुनं पुसायचा अधिकार आमच्या सर्व्हरला नाही, फक्त नवीन टाकायचा आहे. सर्व्हरमध्ये कुणी घुसलाच, तर त्याला तिथवर हात पोचू नये. तिसरी नाशिकला, एका एक्स्टर्नल डिस्कवर. ती महिन्यातून एक दिवस सोडला तर कशालाच जोडलेली नसते. लाल कापडही तेच आहे.

तिसरा प्रश्न, "ती उघडून बघतं कोण?"

मावशी दर दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे यायची तेव्हा माळ्यावरचे गठ्ठे खाली काढायची. कसर लागली का, शाई फिकी झाली का, सगळं पान न् पान बघायची. आम्हा मुलांना तो वेळेचा अपव्यय वाटायचा, कारण तेवढा वेळ ती पत्ते खेळायला येत नसे.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा काम करताना एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसायला घेतली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअपच्या एकूण पाच पद्धती होत्या, त्यातली एकही कामाला आली नाही. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम आवृत्ती न जुळल्यामुळे कधीपासून फेल होत होता. तसं कळवणाऱ्या मेलही तो पाठवत होता, पण त्या डीमार्कच्या नियमात बसत नसल्यामुळे नाकारल्या जात होत्या. पत्रं पोचत नव्हती! योगायोगाने कुणीतरी सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून तेवढ्यावर निभावलं. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलं, हा त्यांचा मोठेपणा. मी तो अहवाल वाचला तेव्हा मला दिवाळीत वह्या उलटणारी मावशी आठवली.

म्हणून दर तीन महिन्यांनी आम्ही ड्रिल करतो. तासावर भाडं असलेलं एक रिकामं मशीन घ्यायचं, बॅकअपवरून आख्खी साइट उभी करायची, दहा नोंदी उघडून फोटो-पत्रिकेसकट ताडून बघायच्या, आणि मशीन परत करायचं. घड्याळ लावून. कुठल्याही सर्व्हरच्या बाबतीत हा एकच आकडा मला आता खरा वाटतो: सगळं गेलं तर किती वेळात परत उभं राहील?

बाकी रोजची कामं असतातच. सिक्युरिटी अपडेट आपोआप बसतात. ऑपरेटिंग सिस्टिम डेबियन घेतली. सेंटओएस-८ ला २०२९ पर्यंत आधार मिळेल असं धरून अनेकांनी ती बसवली होती, आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ती ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार. ते हाल मी ऑफिसात बघितलेत. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं, आपोआप नवं होतं. पण मुदत संपत आल्याच्या मेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केल्यात, तेव्हा ते बघणारा पहारेकरी आपला आपण नेमायचा. आणि हा पहारेकरी दुसऱ्या मशीनवर बसवायचा. ज्या घरात चोरी व्हायची शक्यता आहे, त्याच घरात वॉचमनला झोपवून उपयोग नाही.

चौथा प्रश्न तिने चहाचा कप पुढे करता करता विचारला. "आणि तू नसशील तेव्हा?"

मी म्हटलं, मी कुठे जाणार आहे. मावशी नुसती हसली. "कॅनडावाला पण हेच म्हणाला होता."

या प्रश्नाला विकत घेता येईल असं उत्तर नाही. मी एक दोनशे पानी वही आणली. डोमेन कुणाच्या नावावर आहे (मंडळाच्या, माझ्या नाही), नूतनीकरण कधी, होस्टिंग कंपनीचा ग्राहक क्रमांक, डिस्क गेल्याची मेल आली तर काय करायचं, मशीन बंद पडलं तर काय, साइट कुणी फोडली तर सगळ्यात आधी काय. सगळं मराठीत, एका पानावर एक प्रसंग, पायऱ्यांना आकडे. परवलीचं वाक्य बंद पाकिटात, कपाटात. मग ड्रिलला ताईला शेजारी बसवायला लागलो. पहिल्यांदा मी केलं, तिने बघितलं. दुसऱ्यांदा तिने केलं, मी बघितलं. तिला लिनक्सचा गंध नाही. पण कॅश टॅली झाल्याशिवाय घरी जायचं नाही ही सवय तिला आहे, आणि या कामाला तीच लागते.

पुढे तुळशीची लग्नं उरकली. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी कंपनीच्या कामाने लंडनच्या विमानात होतो. वर्षातला सगळ्यात गर्दीचा रविवार. उतरून फोन चालू केला तर ताईचे मेसेज, ओळीने.

"७:५२. डिस्क फेल अशी मेल आलीय. पान १४ काढलंय. साइट चालू आहे."

"८:०४. तिकीट टाकलं. फोन पण केला. मराठी मुलगा आहे."

"८:२०. तो म्हणतो दोन्ही डिस्क सारख्या दिसतात. मी सिरियल नंबर दोनदा वाचून दाखवला, त्याच्याकडून दोनदा वाचून घेतला."

"८:३५. मशीन बंद करावं लागणार म्हणतो. आईला विचारलं, ती म्हणाली कर. साइटवर 'अर्ध्या तासात येतो' ची पाटी लावली, पान ९."

"८:५८. डिस्क बदलली. पाकीट फोडलं."

"९:०६. साइट चालू."

"९:१५. नव्या डिस्कवर नक्कल सुरू झाली, ४ टक्के."

"१०:४८. १०० टक्के. आई दहा स्थळं उघडून बघतेय."

"१०:५५. टॅली. घाबरू नकोस, झालंय. पोचलास की जेव."

इमिग्रेशनच्या रांगेत उभा राहून मी ते दोनदा वाचलं. मेलेली डिस्क तीच, 'हेल्थ ओके' वाली. ती कुणा अनोळखी माणसाच्या पिशवीतून कुठे गेली ते मला माहीत नाही. तिच्यावरचं एक अक्षरही कुणाला वाचता येणार नाही, त्यामुळे मला त्याची फिकीरही नाही. जिवंत डिस्क चुकून उपटली गेली असती, तर मात्र त्या रात्री नाशिकच्या माळ्यापर्यंत जावं लागलं असतं.

कुणी डेडिकेटेड सर्व्हर घेऊ का म्हणून विचारलं, तर मी आता प्रोसेसर-मेमरीचं शेवटी बोलतो. आधी विचारतो, दोन माणसांची नावं सांग. एक तू, आणि दुसरं तुझा फोन लागत नसताना जे पान १४ उघडेल ते. दुसरं नाव सुचत नसेल तर निवांत शेअर्ड होस्टिंगवर नाहीतर चांगल्या मॅनेज्ड सेवेवर राहा, त्यात काही कमीपणा नाही. शेजारी त्रास देतात हे खरं, पण चाळीत रात्री-अपरात्री निदान कुणीतरी जागं असतं. बंगल्यात ते आपल्यालाच व्हावं लागतं.

परत आल्यावर वही बघितली. पान १४ वर ताईने तिच्या बँकेच्या अक्षरात एक पायरी घुसवली होती, ५-अ: 'सिरियल नंबर समोरच्याकडून वाचून घ्यावा. नुसतं हो म्हटलेलं चालणार नाही.' खाली तारीख आणि सही. मग उरलेल्या दोन मंडळांसाठी त्या वहीची झेरॉक्स काढायला मी स्टेशनवर गेलो, कारण घरचा प्रिंटर, अर्थातच, कागद ओढत नव्हता.